नऊ नंबरचा बिबा

निळी जर्सी उलटी करून खुर्चीवर टाकलेली. आतून, गळ्याशी आणि छातीवर, डांबरासारखे काळे ठिपके.

कोर्टाच्या निकालपत्रातली एक ओळ: पत्नीच्या डाव्या मनगटाचे हाड दोन ठिकाणी मोडले. शिक्षा, चौदा महिने.

आरमोरीविरुद्ध पहिल्या हाफमध्ये तीन गोल. तिसऱ्याला आरमोरीच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

धान कापल्यावर बांधीत जे खुंट उरतात ते अनवाणी पायात खिळ्यासारखे शिरतात. सावरटोल्याची पोरं त्यावरच फुटबॉल शिकतात, म्हणून त्यांचे पाय जमिनीवर टिकत नाहीत.

बिब्यातून गोडंबी काढायला बसण्याआधी बाई हातांना तेल आणि राख चोळते. विसरली, तर त्या दिवशी तिला काहीच कळत नाही.

सात-चाळीसची ब्रह्मपुरी-चिमूर एसटी. कंडक्टर, रुखमा.

एक माणूस ओरडतो आहे.

१. फोटो

शुक्रवारी सकाळी सातला सावरटोला स्पोर्टिंग क्लबच्या खोलीसमोर टीमचा फोटो काढायचा होता. नव्या जर्स्या आदल्या संध्याकाळीच नागपूरहून आल्या होत्या. अध्यक्ष नानाजीभाऊंनी त्या चंचलच्या हवाली केल्या. तिने पाण्यातून काढून खोलीमागच्या तारेवर वाळत घातल्या, आणि सकाळी प्रशिक्षक वामनराव सरांनी एकेक काढून एकेकाच्या अंगावर फेकली. नऊ नंबर राजदीपच्या वाट्याला आला. त्याने तो डोक्यावरून ओढून चढवला. फोटोवाला म्हणाला, हसा. दोन फोटो निघाले. तिसऱ्याच्या आधी राजदीप ओरडला.

जर्सी काढली तेव्हा पाठ दिसली. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल, आणि त्यावर पाण्याने टच्च भरलेले फोड, काही तर बोराएवढे. कोणीतरी जर्सी उलटी केली.

"बिबा हाय बा हा! कोणी तरी आतून बिबा लावला."

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. चंचल खोलीच्या दारात उभी होती. गावात गोडंबी फोडणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण राजदीपची सोडलेली बायको एकच होती. मोडलेलं मनगट तिचंच होतं. तेव्हा ती जिल्ह्याच्या टीमची गोलकीपर होती. आता ते मनगट नीट वळत नाही, म्हणून ती क्लबच्या बावीस पोरींना रोज सकाळी सहाला, रविवारी आठला शिकवते.

"चंचल," नानाजीभाऊ म्हणाले, "खोलीची चावी दे. रविवारी सभा घेऊ. तवापर्यंत पोरींची प्रॅक्टिस बंद. आणि सभेत तसंच निघालं, तं कायमची बंद."

चंचलने कमरेची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "चावी घ्या. मैदानाले कुलूप नाई."

"तोंड पाहा हिचं!" मागून कोणीतरी.

"तोंड पाहून झालं असंल तं पुसा तरी मले, का मी केलं का. अजून कोणी पुसलंच नाई."

गर्दीतून रुखमा पुढे आली. शेचाळीस वर्षांची, एकवीस वर्षं एसटीत, सहा वर्षं क्लबची सचिव. शुक्रवार तिच्या सुट्टीचा.

"केलं का?"

"नाई."

रुखमाने मान हलवली. विश्वास बसला असं नाही. पण त्या फोडांकडे बघताना तिला काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते तिला धरता येईना. तिने प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून जर्सी उचलली, पिशवी उलटवली, गाठ मारली.

"बाई, कुठी नेता?" वामनराव सरांनी विचारलं. जरा घाईने.

२. अंगाचा नकाशा

राजदीप बाजेवर पालथा पडला होता. त्याची माय पिसाने खोबरेल लावत होती. रुखमाने स्टूल ओढला.

"कोणावर शक हाय तुया?"

"मी नाव घेत नाई, बाई. मी सुधरलो हाय. लोकं जे समजायचं ते समजतेत."

"उठून बस. पाहू दे."

तो बसला. रुखमाने घाईगर्दीच्या गाडीत उभ्या माणसांवरून नजर फिरवावी तशी त्याच्यावरून फिरवली.

कपाळ, कोरं.
कान, कोरे.
गळा, कोरा.
छाती, कोरी.
तळहात, कोरे.
पाठ, पेटलेली. सगळ्यात वाईट अगदी मध्यावर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना.

तिने पिशवीतूनच जर्सी पसरली. ठिपके गळ्याला होते. छातीला होते. पाठीच्या बाजूला दोनच, तेही खाली.

"आग केव्हापासून होऊन राह्यली?"

"जर्सी घातली तवापासून."

"त्याच्या आधी नाई?"

"नाई म्हटलं ना."

"अरे, काल रात्री तं तू—" माय म्हणाली.

"माय, पाणी आण."

माय पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं.

३. सरांचं म्हणणं

वामनराव सर शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यातच. संध्याकाळी ते गोलपोस्टला टेकून उभे होते.

"राजदीप पोट्ट्यानं चौदा महिने भोगले, बाई. सरकारनं सोडलं त्याले. मंग आपण कोण त्याले जन्मभर डांबून ठेवणारे? हात हायत, पाय हायत, सोन्यासारखे. त्याले मैदानावरून हाकललं तं तो कुठी जाईल? दारू टाकाले. वैनगंगेच्या पलीकडे, दारूबंदीच्या जिल्ह्यात. तेच पायजे का गावाले?"

हे रुखमाला पटायचं. त्याला क्लबमध्ये घेताना तिने याच कारणासाठी हात वर केला होता.

"आरमोरीच्या मॅचमध्ये पाठ धरली त्याची. मी मालिश करून करून सोडवली, मंगळवारी, बुधवारी. आणि या बाईनं त्याच पाठीची राख केली. आठ दिवसांवर नागभीड चषकाची सेमीफायनल, चिमूरसंग!"

"सर, नऊ नंबर तं आदेशचा."

"होता. मी बदलला."

"आदेशले सांगितलं होतं?"

"पागल झाल्या का? आधी सांगितलं तं पोट्टे भांडतेत. नंबर मी फोटोच्या टायमालेच वाटतो. बावीस वर्षं झाले, हाच रिवाज."

"मंग नऊ राजदीपले जाणार, हे कोणाकोणाले मालूम होतं?"

"या टाळक्याले," सर अभिमानाने म्हणाले, आणि स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली. "आणखी कोणाले नाई."

रुखमा घरी निघाली. अर्ध्या वाटेत ती थांबली.

४. सीट नंबर अकरा

शनिवार. सात-चाळीसची. आदेश नेहमीप्रमाणे खिडकीला. तो चिमूरला मोबाइलच्या दुकानात कामाला जायचा. चेहरा असा, की कोणी त्याच्या शेजारी बसलं नव्हतं.

"सहा वर्षं नऊ घातला मी, बाई. सहा वर्षं! आणि सरांनी फोटोत माया अंगावर अकरा फेकला. लोकं म्हणतेत मीच लावला बिबा, नऊ गेला म्हणून."

"लावला?"

"मले कुठी मालूम होतं का नऊ जाऊन राह्यला? मी तं गुरुवारी तारेवर त्याले हात लावून आलो. माया समजून."

रुखमाचा हात तिकिटाच्या मशीनवर थांबला. "हात लावला? केव्हा?"

"दिवे लागायच्या टायमाले. उलटी होती तारेवर. आतून चाचपून पाह्यली, घामानं चिकटते का काय म्हणून. मस्त कपडा होता."

"डाग?"

"एक नाई. असता तं हे पाहा." त्याने दोन्ही पंजे पसरले. स्वच्छ.

"वो बाई," मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, "मले नेरीचं टिकिट द्या आधी, नेरी मागं गेल्यावर मंग तपास करा." गाडी हसली. रुखमाने तिकीट दिलं, सुटे विसरली, म्हाताऱ्याने आठवण करून दिली.

म्हणजे बिबा लागला दिवे लागल्यानंतर. आणि त्या वेळी सगळ्या गावाच्या हिशेबाने नऊ नंबर आदेशचा होता. चंचलच्या हिशेबानेही. आदेशला जाळून चंचलला काय मिळणार?

ज्याला राजदीपची जर्सी डागायची होती, त्याला आधी हे माहीत हवं होतं, की ती राजदीपची आहे.

पण सर आपल्याच नऊ नंबरला का जाळतील? नागभीडच्या चषकावर त्यांचा जीव अडकला होता. इथे येऊन गणित मोडत होतं.

५. राख

दुपारी चंचल अंगणात बसली होती. पुढ्यात दगड, वाळलेल्या बिब्यांचा ढीग, हात कोपरापर्यंत राखेने पांढरे. एका घावात बिबा फुटायचा, गोडंबी एकीकडे, टरफल एकीकडे.

"आज सकाळी पोरी आल्या होत्या म्हणे मैदानावर," रुखमा म्हणाली.

"बावीसच्या बावीस."

"नानाजीभाऊंनी बंद म्हटलं होतं."

"मी ऐकलं. मंग शिट्टी वाजवली."

रुखमा ओट्यावर टेकली. "मले एक सांग. बिबा अंगाले लागला तं किती वेळात उतते, फोड धरते?"

चंचलचा हात वर राहिला. मग ती हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. "झाडीपट्टीतल्या होऊन तुमी हे पुसता? आज लागला तं उद्या. कधी तिसऱ्या दिवशी. अर्ध्या घंट्यात कोणाच्या बापाचा उतत नाई."

तेच. तेच खटकलं होतं. सातला जर्सी चढवली, साडेसातला फोड बोराएवढे. हे सगळ्या गावाला कळायला हवं होतं. इथली पोरं बिबा अंगावर घेतच मोठी होतात. पण नाव आधी ठरलं, मग वेळ मोजायला कोणी बसलं नाही.

"तुले तं मालूम होतं. काऊन बोलली नाई?"

"कोणाले बोलू? माया तोंडून निघालं असतं तं म्हटलं असतं, चोराले बरोबर टाइम मालूम." तिने पुढचा बिबा दगडावर ठेवला. "तुमी काऊन करून राह्यल्या हे? तुमी त्याच्या बाजूनं हात वर केला होता."

"केला होता. सजा भोगलेल्या माणसाले खेळू द्यावं, असं मले अजूनही वाटते."

"मलेही वाटते."

रुखमाने चमकून पाहिलं.

"खेळू द्या ना त्याले. ब्रह्मपुरीत खेळू द्या, नागपुरात खेळू द्या, देशाकडून खेळू द्या. हे मैदान सोडून. हे मैदान मी सोडत नाई. सभेत काईबी ठरवा." घाव पडला. "बिबा फुटते, मी फुटत नाई."

रुखमा उठली. फाटकापाशी वळून म्हणाली, "आपले झाडीतले जुने लोकं पाठ धरली तं काय लावतेत?"

चंचलचा हात पुन्हा वर राहिला. या वेळी ती हसली नाही.

६. सभा

रविवार, सकाळी नऊ. खोलीत पाच सदस्य: नानाजीभाऊ, वामनराव सर, रजा टाकून आलेली रुखमा आणि नानाजीभाऊंकडे बघून हात वर करणारे दोघे. बाकावर राजदीप, सैल बनियनमध्ये. दारात आदेश. चंचलला निरोप धाडला होता. तिचा उलट निरोप आला, की प्रॅक्टिस संपली का येतो. खिडकीतून पोरींचा आवाज येत होता.

"पाहा हा माज," सर म्हणाले.

रुखमाने जर्सीची पिशवी टेबलावर ठेवली. "नानाजीभाऊ, तुमी लहानपणी बिबा लावून घेतला असंल. किती वेळात उतला?"

"दुसऱ्या दिवशी. का?" नानाजीभाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून शुक्रवार सकाळ सरकत गेलेली दिसली.

"याले अर्ध्या घंट्यात उतला. ही जर्सी यानं डोक्यावरून ओढली. ठिपके गळ्याले हायत. कान, कपाळ, गळा आज तिसऱ्या दिवशीही कोरे. ठिपके छातीले हायत, छाती कोरी. आणि पाठीच्या मध्यावर, जिथं जर्सीले डागच नाई, तिथं फोड. म्हणजे रात्रभर वाळलेल्या या ठिपक्यांनी याले काईच केलं नाई. बिबा याच्या अंगाले आधीच लागला होता. बुधवारी. जर्सी नागपुरात होती तवा."

"मंग जर्सीवर डाग कुठून?" दोघांपैकी एक.

"ते गुरुवारी दिवे लागल्यावर. कोणाले तरी हे जर्सीवर ढकलायचं होतं. म्हणजे ज्या बाईनं जर्स्या धुतल्या तिच्यावर. आता हे ज्यानं केलं त्याले मालूम होतं का राजदीप कोणता नंबर घालणार. गावाले मालूम नव्हतं. आदेशले नव्हतं. चंचलले नव्हतं." तिने सरांकडे पाहिलं नाही. "कोणाले मालूम होतं ते मले शुक्रवारीच एकानं सांगितलं."

सरांचा हात शिट्टीवर गेला.

रुखमा बाकाकडे वळली. "राजदीप, बुधवारी तुया पाठीले कोणी हात लावला?"

"कोणी नाई."

"स्वतः लावलं?"

"...हो. दुखत होती म्हणून. बिब्याचं तेल. मीच लावलं."

"लावून दाखव."

"काय?"

"हात ने मागं. जिथं फोड सगळ्यात मोठे हायत तिथं बोट टेकव."

राजदीपने हात मागे नेला. खालून, मग खांद्यावरून. बोटं मणक्याच्या वीतभर अलीकडे थांबली. खोलीतल्या प्रत्येकाने नकळत आपापले खांदे हलवून पाहिले.

"बस," सर म्हणाले. "बस झालं. मी लावलं."

राजदीपने हात खाली घेतला.

"माया आजा लावत होता, बाप लावत होता. तेलात बिबा कढवायचा, पाठ मोकळी. झाडीतल्या माणसाच्या अंगाले सोसते. हा सहा वर्षं नागपुरात राहून आला हे माया ध्यानातच नाई राह्यलं. गुरुवारी हा रडत आला. आता मी काय सांगू? का प्रशिक्षकानंच सेमीफायनलच्या तोंडावर नऊ नंबर जाळला?" ते उभे राहिले. आवाजात माफीचा लवलेश नव्हता. "आणि तसंही ती बाई त्याले टिकू देणार नव्हती. रोज सकाळी त्याच मैदानावर. रोज लोकं तिचा हात पाहातेत आणि याचं नाव काढतेत. मी टीमसाठी केलं. मले चषक पायजे. लाज नाई वाटत मले."

"तुमचं नंतर पाहू, सर," रुखमा म्हणाली. "राजदीप, तुले शुक्रवारी मालूम होतं."

"सरांनी म्हटलं, फोटोपर्यंत सोस, मंग ओरड." तो जमिनीकडे बघत होता. "बाई, मी काईच नाई केलं. मायची आन. या वेळेस मी काईच नाई केलं."

"हो. तू बसून राह्यला. तिची चावी गेली, पोरींची प्रॅक्टिस गेली, आणि तू बाजेवर पालथा पडून म्हणे मी नाव घेत नाई. चौदा महिने तू भोगले, ते मी मोजले होते. हे तीन दिवस कोणत्या सजेत बसवू?"

नानाजीभाऊंनी घसा साफ केला. "चूक झाली. मोठी झाली. पण गावाचाही विचार... पाठ आठ दिवसांत भरते. सेमीफायनल होऊ द्या, मंग आपण शांतपणे—" दोघांचे हात अर्धे वर आलेच होते.

"खेळाडूंची यादी आज बाराला नागभीडले बंद होते," रुखमा म्हणाली. "त्यावर सचिवाची सही लागते."

तिने कागद ओढला. अठरा ओळी. ती लिहीत गेली, मोठ्याने वाचत. नऊ नंबरसमोर आदेशचं नाव आलं. सतरा नावं झाली. अठरावी ओळ तिने आडवी रेघ मारून बंद केली आणि खाली सही केली.

"चिमूरवाले फाडून खातील आपल्याले!" सर ओरडले.

"खाऊ द्या."

"बाई, मत घेतल्याशिवाय तुमाले हे करता येत नाई," नानाजीभाऊ म्हणाले.

"मंग मले काढा. नवा सचिव आणा, त्याची सही नागभीडले पोचवा. पावणेदहा झाले." तिने कागदाची घडी घालून कंडक्टरच्या चामडी पिशवीत टाकली आणि चेन ओढली. "आणि पोरींची प्रॅक्टिस बंद केल्याचा ठराव तुमी लिहा, तुमच्या हातानं. मी तो लिहीत नाई."

कोणी पेन उचललं नाही. आदेश दारातून बाजूला झाला.

बाहेर ऊन चढलं होतं. धानाच्या खुंटांवरून बावीस पोरी धावत होत्या. मध्ये चंचल, उजव्या हाताने दिशा दाखवत, तोंडात शिट्टी. रुखमा रेघेपर्यंत गेली. सगळं सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"बाजूले, रुखमाबाई!" चंचल खेकसली. "बॉल लागंल. अजून दहा मिनिटं हायत आमचे."

रुखमा बाजूला झाली आणि दहा मिनिटं उन्हात उभी राहिली.

पुढच्या रविवारी सावरटोला चिमूरकडून तीन-एक हरलं. एक आदेशचा.

राजदीपला क्लबमध्ये घ्यायचं ठरलं ती सभा नोव्हेंबरात झाली होती. सव्वा तास चालली. इतिवृत्त रुखमाने लिहिलं. त्यात चंचलचं नाव नाही, कारण ते कोणी काढलं नव्हतं.